भिंतीवरचा कोळी पाळायचा असेल तर

कोळी पाळायला पैसे लागत नाहीत. एक बरणी, एक दाभण आणि रोजची दोन मिनिटं पुरतात. तरी नवशिक्याचा पहिला कोळी पुष्कळदा महिनाभरात मरतो आणि सगळ्यांना वाटतं, खायला कमी पडलं असणार. खरं तर धडधाकट कोळी दोन-तीन आठवडे उपाशी सहज काढतो. तो मरतो तहानेनं, कोंदट हवेनं, नाहीतर शेजारच्या सॉकेटला लावलेल्या डासांच्या लिक्विडनं. म्हणून पुढं खाण्यापेक्षा पाणी, हवा आणि विष यांच्याबद्दल जास्त सांगितलं आहे.

आधी कोळी ओळखा

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं कौलारू घर असो की राजारामपुरीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, तीन तऱ्हेचे कोळी कुठंही सापडतात.

पहिला उडी मारणारा, म्हणजे जंपिंग स्पायडर. लांबी साधारण एक सेंटिमीटर, पाय आखूड, अंग लवदार आणि समोर गाडीच्या हेडलाइटसारखे दोन मोठे डोळे. घरात बहुतेक प्लेक्सिपस पेकुली ही जात दिसते. तिचा नर काळा, पाठीवरून पांढरा पट्टा गेलेला, मादी तपकिरी-करडी. बाहेरच्या गिलाव्यावर आणि कंपाउंडच्या भिंतीवर राखाडी, चपटा मेनेमेरस असतो. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. दिवसा, डोळ्यांनी बघून शिकार करतात. बोट जवळ नेलं तर पळण्याआधी अख्खे वळून तुमच्याकडं बघतात. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं हाच घ्यावा. बरणी लहान पुरते, चावायची भीती जवळजवळ नसते आणि बघायला सगळ्यांत जास्त मजा याचीच. महाराष्ट्रात उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या नव्या जाती अजूनही सापडत आहेत. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका जातीला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं गेलं.

दुसरा हंट्समन, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की सिलिंडरमागून सर्रकन सरकतो तो हाच. अंग दोन-अडीच सेंटिमीटरचं, पण पाय पसरले की तळहाताएवढा दिसतो. अंगानं चपटा, त्यामुळं कॅलेंडरमागं आरामात मावतो. मादी पोटाखाली अंड्यांची चपटी गोल चकती घेऊन फिरते. झुरळं खातो, दोनेक वर्षं जगतो. पण पळण्याचा वेग असा, की झाकण उघडल्याचं तुम्हाला कळेपर्यंत तो पंख्यावर असतो. दुसरा कोळी म्हणून उत्तम, पहिला म्हणून नको.

तिसरा कोपऱ्यातल्या जळमटातला लांब काटकुळ्या पायांचा. जाळ्याला फुंकर मारली की अंग गदागदा हलवतो. जगवायला सोपा आहे, पण दिवसभर उलटा लटकून राहतो. बघणारा चार दिवसांत कंटाळतो.

कुंडीच्या खाली, पडक्या भिंतीच्या सांदीत किंवा मीटरच्या पेटीत अस्ताव्यस्त, चिवट धाग्यांचं जाळं करून उलटा लटकलेला, वाटाण्यासारख्या गोल पोटाचा आणि पोटाखाली लालसर खूण असलेला कोळी दिसला, तर हात लावू नका. हे विडो गटातले कोळी असतात आणि त्यांचं विष माणसाला भारी पडतं. राधानगरी, दाजीपूरच्या जंगलातून काहीही आणायचं नाही. अभयारण्यातला जीव उचलणं हा गुन्हा आहे, मग तो मुंगीएवढा का असेना. मोठ्या केसाळ टॅरंटुलाचा मोह तर मुळातच सोडा. त्यातल्या पोएसिलोथेरिया गटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराच्या नियंत्रणाखाली आहे. आपल्याला पाहिजे तो कोळी घरातल्या भिंतीवर फुकट बसलेला असतो.

धरायचा कसा

उडी मारणारा कोळी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, ऊन आलेल्या भिंतीवर, खिडकीच्या गजांवर, गॅलरीतल्या तुळशीजवळ शोधा. काचेचा ग्लास किंवा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि एक जाड कागद घ्या. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी अगदी योग्य असतो. वहीचं पान वाकतं आणि फटीतून कोळी निसटतो. डबा हळू पुढं न्या, भिंतीला पूर्ण टेकवा, मग पत्रिका एका बाजूनं भिंतीला घासत आत सरकवा. घाई केली तर कडेला पाय चिमटतो. कोळी छतावर असेल तर खुर्चीवर चढून धडपडू नका. तासाभरात तो खाली येतो.

बरणीत सोडण्याआधी भिंगातून नीट बघून घ्या. पोट पुढच्या भागाएवढं रुंद किंवा किंचित जास्त रुंद असावं. सुरकुतलेलं, चिमलेलं पोट म्हणजे तहान. पाणी दिल्यावर दिवसभरात भरून येतं. एखादा पाय तुटलेला असला तरी चालतं. कोळी अजून वाढीचा असेल तर पुढच्या कातीनंतर नवा पाय फुटतो. पोटावर तांदळाच्या कणीसारखी पांढरट अळी चिकटलेली दिसली तर तो कोळी परत सोडा. ती परजीवी गांधीलमाशीची अळी असते, कोळ्याला हळूहळू खात जाते. खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर कधी फुटलं तर आत बघा. एकेका खणात अर्धा-एक डझन कोळी दाबून भरलेले असतात, जिवंत पण लुळे. भिंतीवरच्या कोळ्याचं आयुष्य काही बरणीपेक्षा सुखाचं असतं असं नाही.

तोंडासमोरचे दोन छोटे पाय, म्हणजे पेडिपॅल्प, टोकाला बॉक्सरच्या ग्लोव्हसारखे फुगलेले असतील तर तो वयात आलेला नर. तो जोडीदार शोधत भटकत असतो आणि फार दिवस उरत नाही. पाळायला मादी किंवा वाढीचं पिल्लू बरं. चकती घेतलेली हंट्समन मादी धरू नका. त्या चकतीतून दीड-दोनशे पिल्लं निघतात.

बरणी, आणि ती उलटी का ठेवायची

उड्या मारणाऱ्या कोळ्याला एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी पुरते, साधारण दहा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा-अठरा उंच. यापेक्षा मोठी घेतली तर शिकार त्याला सापडत नाही आणि तो तुम्हाला सापडत नाही. लोणच्याची बरणी असेल तर दोन-तीनदा कोमट पाण्यानं धुऊन उन्हात दोन दिवस उघडी ठेवा. तेलाचा आणि हिंगाचा वास पूर्ण गेला पाहिजे. फिनेल किंवा भांड्यांचा सुगंधी साबण वापरू नका.

भोकं पाडताना दाभण गॅसवर तापवा, चिमट्यानं धरा, खिडकी उघडी ठेवा. भोक एक मिलिमीटरचं, कोळ्याच्या डोक्यापेक्षा लहान. झाकणाला चार भोकं पाडून भागत नाही, आणि बहुतेक लोक इथंच चुकतात. एका बाजूला खाली वीसेक आणि समोरच्या बाजूला वर वीसेक भोकं पाडा, म्हणजे हवा खालून आत येते आणि वरून बाहेर पडते. फक्त वर भोकं असली तर तळाची ओल तळातच राहते आणि आषाढात चार दिवसांत बुरशी धरते. भोकं आतून बाहेर पाडा. वितळलेल्या प्लास्टिकची टोकं बाहेर राहतात आणि कोळ्याच्या पायांना लागत नाहीत.

आता बरणी उलटी करा. झाकण खाली, बूड वर. उडी मारणारा कोळी रात्री झोपायला आणि कात टाकायला पांढऱ्या रेशमाची पिशवी विणतो आणि ती नेहमी सगळ्यांत उंच जागी, छताच्या कोपऱ्यात विणतो. झाकण वर असेल तर ही पिशवी झाकणालाच चिकटते आणि खायला घालायला तुम्ही झाकण उघडलं की त्याचं घर फाटतं. रोज घर फाटलं की कोळी विणण्यातच खर्ची पडतो आणि खाणं सोडतो. बरणी उलटी ठेवली की झाकण जमिनीचं काम करतं, घराला धक्का लागत नाही. अन्न आत सोडायला बाजूला, खालच्या तिसऱ्या हिश्शात, बोटभर भोक पाडून त्यात कापसाचा घट्ट बोळा घाला. मग झाकण उघडायची वेळ आठवड्यातून एकदाच, साफसफाईला येते.

आत फार पसारा नको. झाकणावर टिश्यू पेपरची घडी, बरणीत तिरकी बसेल अशी जास्वंदीची किंवा पेरूची वाळकी काटकी, आणि वरच्या टोकाला प्लास्टिकचं एखादं पान. काटकी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून कडक उन्हात वाळवा, नाहीतर साल सोलून बारीक किडे बाहेर येतात. नर्सरीतली माती घालू नका. तिच्यात खत आणि कीटकनाशक असू शकतं.

बरणी उजेडात ठेवा, उन्हात नाही. हा कोळी बघून शिकार करतो. अंधाऱ्या कपाटात ठेवला तर खातच नाही. उत्तरेच्या खिडकीजवळची फळी चांगली. थेट ऊन बरणीवर आलं तर दहा-पंधरा मिनिटांत आत भट्टी होते.

हंट्समन पाळायचाच असेल तर पाच लिटरची बरणी, किमान वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस उंच. आत जुन्या मंगलोरी कौलाचा तुकडा किंवा झाडाची जाड साल उभी टेकवा, भिंत आणि तुकडा यांच्यात दीड-दोन सेंटिमीटरची फट ठेवून. तो दिवसभर त्या फटीत चिकटून बसतो. फट नसली तर घाबरून काचेवर धावत राहतो. तळाला भिजवून पिळलेलं कोकोपीट दोन सेंटिमीटर. बरणी उघडायची ती बाथरूममध्ये, दार लावून, नळ बंद करून, मोठी बादली जवळ ठेवून.

पाणी

कोळ्याच्या पायात पाय आखडायचे स्नायू आहेत, पण मुख्य सांधे ताठ करायला ते पुरत नाहीत. ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबानं होतं, जेसीबीच्या हातासारखं. पाणी कमी पडलं की दाब उतरतो आणि आठही पाय पोटाखाली मिटतात. मेलेला कोळी मुठीसारखा मिटलेला दिसतो तो यामुळंच. असा मिटलेला कोळी दिसला तरी लगेच टाकून देऊ नका. ओल्या टिश्यूवर ठेवा, तोंडाजवळ पाण्याचा थेंब येईल असा, आणि वर वाटी झाकून सावलीत दोन-तीन तास सोडा. नुसता तहानलेला असेल तर पाय हळूहळू सुटतात.

रोजचं पाणी सोपं आहे. नळाचं पाणी पातेल्यात उघडं दिवसभर ठेवा, क्लोरीन उडून जातं. बारीक फवाऱ्याच्या बाटलीनं बरणीच्या एका भिंतीवर एकच फवारा मारा, रेशमाच्या पिशवीपासून लांब. कोळ्यावर थेट मारू नका. त्याला थेंब पुरतात, डबकं नको. तहानलेला कोळी थेंबाजवळ येतो, पेडिपॅल्प दोन्हीकडं फाकवतो, तोंड टेकवतो आणि मग जागचा हलत नाही. भिंगातून पाहिलं तर थेंब कडेनं आकसत गेलेला दिसतो आणि पोटाच्या सुरकुत्या हळूहळू उलगडायला लागतात. एवढं एकदा नीट पाहिलं की पाणी द्यायचं विसरत नाही कुणी.

उन्हाळ्यात रोज, थंडीत दिवसाआड, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा. पुढचा फवारा आधीचे थेंब पूर्ण वाळल्यावरच. हंट्समनला सोडा बाटलीचं बूच आणि त्यात दोन खडे घालून पाणी. कापूस भिजवून ठेवायची सवय चुकीची. तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो.

खाणं

कोळी जिवंत आणि हलणारी शिकार खातो. भाताचं शीत, मटणाचा तुकडा, मेलेली माशी यांचा उपयोग नाही. शिकार कोळ्याच्या अंगाएवढी किंवा त्याहून लहान हवी. वाढत्या पिल्लाला दोन-तीन दिवसांनी, मोठ्याला आठवड्यातून दोनदा. पोट टरटरीत फुगलं तर आठवडाभर काही देऊ नका. फार फुगलेलं पोट पडल्यावर फुटू शकतं.

सर्वांत सोपं खाद्य चिलटं, आणि गुळाच्या गावात चिलटांना काय तोटा? अर्ध्या लिटरची काचेची बाटली घ्या. अर्धं पिकून काळं पडलेलं केळं कुस्करा, त्यात चमचाभर गूळ, दोन चमचे रवा आणि चिमूटभर यीस्ट कालवा. थर दोन बोटं जाड होऊ द्या, वर चुरगाळलेला कागद खोचा म्हणजे चिलटांना चढायला जागा होते. बाटली एक दिवस फळांच्या टोपलीजवळ उघडी ठेवा. आठ-दहा चिलटं आत शिरली की तोंडाला तलम सुती कापड रबरानं बांधा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर येते. पहिल्या बाटलीनंतर आठवड्यानं दुसरी लावा, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. लगदा पाणीदार झाला तर चिलटं बुडून मरतात. मग आणखी रवा घाला. चिलटं उडून घरभर होऊ नयेत म्हणून बाटली तीन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. थंडीनं ती सुन्न होतात, तेवढ्यात बाजूच्या भोकातून पाच-सहा आत झटका. बरणीत गेल्यावर मिनिटभरात ती हलायला लागतात.

दुसरं खाद्य स्वयंपाकघरातच असतं. रव्याला किंवा बाजरीला जाळी लागली की त्यातून करडे पतंग उडतात. ते चावत नाहीत, मऊ असतात, उडी मारणाऱ्या कोळ्याला भलते आवडतात. तांदळातले पोरकिडे मात्र नकोत, त्यांचं कवच फुटत नाही. घरमाशी मोठ्या कोळ्याला चालते. पण कत्तलखाना, कोंडाळं असल्या जागची नको. तिथं औषध मारलेलं असू शकतं. हंट्समनला लहान झुरळं आणि रातकिडे द्या. मुंग्या कधीच देऊ नका. बरणीत शिरलेली एक मुंगी मागून रांग आणते आणि कात टाकत असलेल्या कोळ्याला जिवंत खाते. बरणी ठेवायची ती पाणी भरलेल्या ताटलीतल्या वाटीवर, जसं आपण गुळाचा डबा ठेवतो.

शिकार चोवीस तासांत खाल्ली नाही तर बाहेर काढा. रातकिड्याच्या बाबतीत तर हे पाळायलाच हवं. भुकेला रातकिडा कोळ्याचे पाय कुरतडतो. खाऊन झाल्यावर उरलेली काळी गोळी चिमट्यानं उचला, नाहीतर तिच्यावरच बुरशी सुरू होते.

खाणं बंद झालं तर

नवशिक्यांच्या निम्म्या काळज्या इथं असतात. कोळी पिशवीत शिरतो, तोंड बंद करून घेतो, चार दिवस, आठ दिवस, कधी दोन आठवडे बाहेर येत नाही. तो आजारी नसतो, कात टाकायच्या तयारीत असतो. आधी रंग मळकट होतो, हालचाल मंदावते, समोर चिलट नाचलं तरी पाठ फिरवतो. या काळात पिशवी फाडून बघू नका, बरणी हलवू नका, आत शिकार ठेवू नका. पाण्याचा फवारा मात्र समोरच्या भिंतीवर चालू ठेवा. हवा फार कोरडी असेल तर कात अंगाला चिकटते आणि पाय आत अडकून राहतो. अडकलेली कात चिमट्यानं ओढायला जाऊ नका, पायच उपटतो.

हंट्समन उघड्यावर उलटा लटकून कात टाकतो. त्यासाठी त्याच्या पसरलेल्या पायांच्या दुप्पट उंचीची मोकळी जागा खाली लागते. ती नसली तर नवे मऊ पाय तळाला टेकून वाकडे वाळतात. बाहेर आल्यावर तो फिकट, जवळजवळ पारदर्शक असतो आणि शेजारी दुसरा कोळी लोंबतोय असं वाटतं. ती रिकामी कात. तीन-चार दिवस त्याला खायला देऊ नका. त्याचे सुळे अजून मऊ असतात.

पोट एका बाजूनं सुजलं, कोळी सारखं खातो पण वाढत नाही, मग एकदम सुस्त पडतो, असं झालं तर आत परजीवी अळी किंवा जंत आहे. त्याला इलाज नाही. भिंतीवरचा कोळी पाळताना हा धोका धरूनच चालायचं. त्याचं वयही आपल्याला माहीत नसतं. उडी मारणारा कोळी साधारण वर्षभर जगतो, आणि तुम्ही धरलेला कदाचित दहाव्या महिन्यातला असेल.

ऋतू आणि विष

जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा बरणीला बाहेरूनच ओली ठेवते. या चार महिन्यांत फवारा कमी, टिश्यू दर चार दिवसांनी नवा, आणि बरणी भिंतीला टेकवून ठेवायची नाही. भोकं बंद होतात. तळाला पांढरे ठिपके धावताना दिसले तर ते माइट्स नावाचे बारीक जीव; ओल आणि शिळं अन्न यावर वाढतात. कोळी ग्लासात काढा, सगळं फेका, बरणी गरम पाण्यानं धुऊन वाळवा.

एप्रिल-मेमध्ये उलटा प्रश्न. वरच्या मजल्यावर पत्र्याचं छत असेल तर दुपारी खोलीत चाळिशीच्या आसपास तापमान जातं. कोळ्याला चोवीस ते तीस अंश मानवतात. बरणी तळमजल्यावर, माठाजवळच्या फरशीवर आणा आणि रोज सकाळी फवारा मारा. बर्फ किंवा कूलरचा थेट झोत नको.

विषाचं मात्र बाराही महिने बघावं लागतं. डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू या सगळ्यांत कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करणारी द्रव्यं असतात आणि कोळ्याचे मज्जातंतूही त्यांना तितकेच बळी पडतात. लक्षण ओळखू येतं: पाय थरथरतात, चालताना तोल जातो, उडी चुकते. एवढं दिसलं की बरणी उघड्या गॅलरीत न्या, टिश्यू बदला, पाणी द्या. थोडं लागलं असेल तर वाचतो. ज्या खोलीत मशीन लावता तिथं बरणी ठेवूच नका. देवघराच्या शेजारीही नको, धुपाचा कोंडलेला धूर बरा नाही. आणि डुलत चालणारं झुरळ खायला घालू नका. ते शेजारच्या घरातला स्प्रे पिऊन आलेलं असतं.

घरच्या मंडळींना बरणीत काय आहे ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत आजी कुंचा घेऊन जळमटं काढायला निघाल्या की फळीवरची ‘रिकामी’ बरणी धुतली जाते.

हातावर घ्यायचा का?

उडी मारणारा कोळी गादीवर बसून, हात जेमतेम वीतभर उंच ठेवून घेता येतो. मागून पेन्सिलीनं हळू टोचा, तो पुढं उडी मारेल. बोटाच्या चिमटीत धरायचं नाही. हंट्समन हातावर घेऊ नका. डिवचला तर चावतो, मधमाशीसारखं दुखतं. साबणानं धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. सूज पसरली, ताप आला किंवा दम लागला तर डॉक्टरांकडं जा.

‘कोळी अंगावर फिरला की फोड येतात’ हे घरोघरी ऐकू येतं. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर जळजळीत लाल रेघ आणि फोड दिसले तर त्यामागं बहुतेकदा पेडेरस नावाचा, मुंगीसारखा लांबट काळा-नारिंगी किडा असतो. तो रात्री दिव्याकडं येतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला द्रव कातडीला लागतो. अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण असू शकते. दोन्हींत कोळ्याचा संबंध नाही आणि दोन्हींसाठी डॉक्टर लागतात.

अंडी घातली तर, आणि सोडताना

धरलेल्या मोठ्या मादीचं मीलन बहुतेकदा आधीच झालेलं असतं, त्यामुळं एकटी असूनही ती अंडी घालते. उडी मारणारी मादी पिशवीत अंडी घालून तिथंच राखण करते. या काळात तिला चिलटं आणि पाणी द्या, पिशवीला हात लावू नका. साधारण तीन आठवड्यांत मोहरीएवढी पिल्लं बाहेर येतात. ती एका बरणीत ठेवली तर एकमेकांना खातात. दोन-तीन वेगळ्या बाटल्यांत ठेवून बाकीची तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या झाडावर सोडा, सकाळी, पाऊस नसताना.

मोठा कोळी सोडायचा तर जिथून धरला त्याच भिंतीवर. आदल्या दिवशी भरपेट पाणी आणि एक शिकार द्या. उडी मारणाऱ्याला सकाळी उन्हं आल्यावर सोडा, हंट्समनला अंधार पडल्यावर, पाल नाही ते बघून. बरणी आडवी करून तोंड भिंतीला टेकवा आणि बाजूला व्हा. झटकून बाहेर काढू नका, तो आपणहून निघतो, पाच मिनिटं लागोत की तासभर. रिकामी बरणी नुसत्या गरम पाण्यानं धुवा, रेशमाचे चिकटलेले धागे जुन्या टूथब्रशनं काढा, आणि दिवसभर उन्हात पालथी ठेवा.